एआय वापरायला पासपोर्ट आणि सेल्फी कशाला, द्यावं का, आणि दोनदा रिजेक्ट का होतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका एआय कंपनीचं एपीआय (म्हणजे त्यांचं मॉडेल आपल्या प्रोग्रॅममधून वापरायची जोडणी) घेऊन छोटं टूल चालवता, नवीन मॉडेल लागलं तेव्हा त्यांनी सरकारी ओळखपत्राचा फोटो आणि सेल्फी मागितली, तुम्ही दिली, दोनदा "पडताळणी पूर्ण होऊ शकली नाही" एवढंच आलं, कारण काही नाही. आता तिसऱ्यांदा प्रयत्न करावा, की हे देणंच मुळात चूक होतं, की ओळखीतला एक जण व्हेरिफाय झालेलं अकाउंट विकत देतोय ते घेऊन मोकळं व्हावं, असं तुमचं चाललंय. शेवटचं आधी सांगतो, ते घेऊ नका. का ते पुढे येईलच.

मी बरीच वर्षं ओळख पडताळणीच्या कामात आहे. सुरुवातीला रिव्ह्यूअर होतो, म्हणजे मशीनला जे ठरवता येत नाही ते फोटो शेवटी एका माणसाच्या स्क्रीनवर येतात ना, तो माणूस मी. दिवसाला शेकडो ओळखपत्रं बघायची, नखाएवढा फोटो आणि सेल्फी शेजारी शेजारी ठेवून हो की नाही दाबायचं. नंतर हीच सिस्टिम कंपन्यांमध्ये बसवून द्यायच्या कामाला लागलो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणा.

व्हेरिफिकेशन हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटात चार-पाच वेगवेगळे प्रश्न असतात, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तुम्ही १८ वर्षांच्या वर आहात का, हा एक. तुम्ही खरा माणूस आहात की स्क्रिप्ट, हा दुसरा. हाच माणूस पन्नास नावांनी परत परत येतोय का, हा तिसरा. तुम्ही ज्या देशात आम्ही सेवा देत नाही तिथले आहात का, हा चौथा. आणि उद्या तुमच्या अकाउंटवरून काही भलतंच झालं तर कोणाला धरायचं, हा पाचवा. पाचही प्रश्नांना माहिती वेगवेगळी लागते, पहिल्याला तर फक्त हो किंवा नाही पुरतं, नाव सुद्धा लागत नाही. पण कंपन्यांना एकच फॉर्म बनवणं सोपं पडतं म्हणून पाचही प्रश्नांचं उत्तर म्हणून कार्ड दाखवा. दाराशी वय विचारलं आणि तुम्ही अख्खं पाकीट काढून हातात दिलं असा प्रकार आहे. म्हणून कोणी ओळखपत्र मागितलं की मी आधी बघतो यातला कुठला प्रश्न विचारला जातोय, आणि तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देता येईल असा दुसरा रस्ता त्याच पानावर कुठे दिलाय का. बऱ्याचदा दिलेला असतो, बारीक अक्षरात.

वयाचं प्रकरण सगळ्यात जुनं. इटलीच्या डेटा संरक्षण यंत्रणेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये रेप्लिका नावाच्या गप्पा मारणाऱ्या ॲपवर बंदी घातली, मग मार्चच्या अखेरीस चॅटजीपीटीवर, आणि दोन्हीकडे एक मुद्दा हाच होता की मुलं वापरतायत का हे तपासायची काही सोयच नाही. चॅटजीपीटी एप्रिलच्या २८ तारखेला परत सुरू झालं तेव्हा वयाची खात्री विचारणारी पायरी आली होती, पण ती काय होती तर एक बटण, मी १८ च्या वर आहे, किंवा १३ च्या वर आहे आणि पालकांची परवानगी आहे. त्यावर कोण अडणार. मग कॅरेक्टर एआय या काल्पनिक पात्रांशी गप्पा मारायच्या ॲपनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की १८ च्या खालच्यांना २५ नोव्हेंबरनंतर मोकळ्या गप्पा बंद, म्हणजे वय खरंच तपासणं आलं. आणि जानेवारी २०२६ पासून चॅटजीपीटी तुमच्या वापरावरून वयाचा अंदाज बांधतं, अकाउंट किती जुनं आहे, दिवसाच्या कुठल्या वेळेला वापरता, असल्या खुणांवरून. अंदाज चुकला आणि तुम्हाला अल्पवयीन धरलं तर पर्सोना नावाच्या तिसऱ्या कंपनीकडून सेल्फी देऊन ते दुरुस्त करून घ्यायचं. म्हणजे ओळख बहुतेकांना मागायचीच नाही, ज्यांच्याबद्दल शंका त्यांनाच मागायची. रचना म्हणून मला ही आवडते, पण तिला एक मेख आहे, ती खाली डेटाबद्दल बोलताना सांगतो.

तुमचं प्रकरण मात्र वयाचं नाही, ते तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाचं आहे. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं एप्रिल २०२५ मध्ये व्हेरिफाइड ऑर्गनायझेशन ही भानगड आणली (ऑर्गनायझेशन म्हणजे एपीआयवरचं तुमचं खातं), काही प्रगत मॉडेल आणि काही सोयी एपीआयवरून हव्या असतील तर ज्यांच्या नावावर ऑर्गनायझेशन आहे त्यांनी सरकारी ओळखपत्र द्यायचं. त्यातला एक नियम लोक वाचतच नाहीत आणि माझ्या मते सगळं रहस्य त्यातच आहे. एका ओळखपत्रावर ९० दिवसांत एकच ऑर्गनायझेशन व्हेरिफाय होते. तुम्ही कोण आहात यात त्यांना फार रस असता तर ही ९० दिवसांची अट कशाला घातली असती? त्यांना पाहिजे ते एवढंच की एका माणसाला शंभर दुकानं उघडता येऊ नयेत. बंदी घातली की दहा मिनिटांत नवीन ईमेल काढून परत येणं हा या धंद्यातला रोजचा खेळ आहे, ईमेल फुकट, फोन नंबर स्वस्त, पण खरे पासपोर्ट ढिगानं मिळत नाहीत.

शंभर दुकानं म्हणजे अतिशयोक्ती वाटेल तर एक उदाहरण देतो. क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रोपिकनं फेब्रुवारी २०२६ मध्ये जाहीर आरोप केला की तीन चिनी कंपन्यांनी साधारण २४,००० खोटी अकाउंट काढून त्यांच्या मॉडेलशी १ कोटी ६० लाखांहून जास्त संवाद केले आणि त्या उत्तरांवर आपली मॉडेल शिकवली. याला या क्षेत्रात डिस्टिलेशन म्हणतात, मोठ्या मॉडेलला प्रश्न विचारत सुटायचं, उत्तरं गोळा करायची, त्यावर आपलं छोटं मॉडेल घडवायचं. त्याच कंपनीनं सप्टेंबर २०२५ मध्ये नियम केला होता की ज्या कंपनीची ५० टक्क्यांपेक्षा जास्त मालकी सेवा बंद असलेल्या देशातल्या कंपन्यांकडे आहे तिलाही सेवा नाही, मग ती नोंदणीकृत कुठेही असो. हा चौथा प्रश्न झाला, आणि तो कार्ड बघून सुटतच नाही, त्याला मालकीचे कागद लागतात. सांगायचं कारण एवढंच की तुम्ही एकटे बसून छोटं टूल चालवता आणि तुम्हाला वाटतं माझ्यावरच संशय का, तर संशय तुमच्यावर नाहीये, तुमच्यासारखे दिसणारे हजारो नकली छोटे टूलवाले दारात उभे आहेत आणि दारावरच्याला फरक कळत नाही.

काही देशांत तर हा कंपनीच्या मर्जीचा विषयच नाही. चीनमध्ये १० जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या डीप सिंथेसिसच्या, म्हणजे एआयनं बनवलेल्या मजकूर-आवाज-चित्रांच्या, नियमांत स्पष्ट आहे की वापरणाऱ्याची खरी ओळख, मोबाईल नंबर किंवा ओळखपत्र क्रमांक वगैरेवरून, पटवल्याशिवाय माहिती प्रसिद्ध करायची सेवा द्यायची नाही. अमेरिकेत उलटी गंमत, तिथे जानेवारी २०२४ मध्ये क्लाउड कंपन्यांनी परदेशी ग्राहकांची ओळख तपासावी असा प्रस्तावित नियम आला होता, मॉडेल शिकवायला भाड्यानं कॉम्प्युटर घेणाऱ्यांवर नजर ठेवायला, पण त्याच्यामागच्या आदेशांपैकी एक जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला आणि कंपन्या आपापल्या मनानं जे करायचं ते करत राहिल्या.

आता मुद्द्याचं, तुमचं दोनदा फेल का झालं. लोकांना वाटतं कंपनीनं आपल्याला नाकारलं. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा नाकारलेलं नसतं, वाचताच आलेलं नसतं. हे कळायला एकदा पासपोर्ट हातात घेऊन बघा. फोटोच्या पानावर खाली दोन ओळी आहेत, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मधे मधे बाणासारखी चिन्हं भरलेली. त्या ओळी माणसासाठी नाहीतच, मशीनसाठी आहेत, आणि त्यात जागोजागी एक चेक डिजिट लपलेला असतो, म्हणजे आधीचे आकडे बरोबर वाचले का हे पडताळायचा आकडा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात त्याचं गणित दिलंय, अगदी शाळेतलं. समजा जन्मतारीख १२ ऑगस्ट १९७४, ती तिथे ७४०८१२ अशी छापलेली असते. आकडे ओळीनं घ्यायचे आणि ७, ३, १, परत ७, ३, १ नं गुणायचे. सात साते ४९, चार त्रिक १२, मग शून्य, आठ साते ५६, एक त्रिक ३, बे एके २. बेरीज १२२, दहानं भागून बाकी २. म्हणजे जन्मतारखेच्या लगेच पुढचा आकडा २ च पाहिजे. आता कोणी फोटोशॉपमध्ये वय वाढवायला ७४ चं ६४ केलं तर बेरीज होते ११५, बाकी ५, आणि छापलाय २, पकडला गेला. वरून ओळीच्या शेवटी अजून एक एकत्रित चेक डिजिट असतो, तोही बदलावा लागतो. हौशी लोक इथेच फसतात, धंदेवाईक नाही फसत.

पण हेच गणित प्रामाणिक माणसालाही मारतं. वरच्या चकाकीनं, म्हणजे होलोग्रामवर ट्यूबलाइट पडली की, एका ८ चा मशीन बी वाचतं, किंवा शून्याचा ओ, बेरीज जुळत नाही, आणि सिस्टिमच्या दृष्टीनं तुम्ही आणि तो फोटोशॉपवाला एकाच डब्यात. रिव्ह्यूच्या रांगेत माझ्याकडे येणाऱ्यातले निम्मे तरी हेच असायचे, मोठा प्रकाशाचा पट्टा नेमका खालच्या ओळीवर. त्यामुळे पहिली सूचना, फ्लॅश बंद, दिवसा खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, पासपोर्ट गडद सपाट टेबलावर, प्लॅस्टिकच्या कव्हरमधून काढून (हे कव्हर किती जणांचा घात करतं विचारू नका), चारही कोपरे फ्रेममध्ये. बोटानं कोपरा धरलेला फोटो पण जातो, कोपरा झाकला की कागदाची कड सापडत नाही.

आणि एक, ओळखपत्राच्या फोटोवर आडवं "फक्त पडताळणीसाठी" असं लिहून द्यायची सवय असेल तर ती इथे सोडा. झेरॉक्स देताना ते शहाणपणाचं आहे, पण इथे कॅमेऱ्यातून लाइव्ह घेतलेलं मूळ कार्ड लागतं, त्यावर रेघ दिसली की छेडछाडीची खूण पडते. नंबर झाकून दिला तरी तेच.

मग नाव. अकाउंटवर तुम्ही काय नाव टाकलंय बघा. टोपणनाव, अर्धं नाव, नुसतं आडनाव, कंपनीचं नाव, सगळं मी पाहिलंय. पासपोर्टच्या मशीनवाल्या ओळीत फक्त साधी रोमन अक्षरं चालतात, म्हणून जर्मन माणसाच्या नावातल्या यूवर दोन टिंबं असली तर तिथे ती यूई होतात, वर छापील नावात एक स्पेलिंग आणि खाली दुसरं, आणि क्रेडिट कार्डवर तिसरंच. ज्यांना आडनावच नाही त्यांचे हाल तर वेगळेच, फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून लोक तिथे टिंब टाकतात आणि ते टिंब जुळवायला जगात कुठलंच ओळखपत्र नसतं. चांगल्या सिस्टिम थोडा फरक चालवून घेतात, पण तुम्ही स्वतःच अकाउंटवरचं नाव आधी ओळखपत्राबरहुकूम करून घेतलं तर अर्धं काम तिथेच होतं.

सेल्फीत तीन गोष्टी तपासतात. तुमचा चेहरा कार्डावरच्या फोटोशी जुळतो का, कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस आहे का, आणि हा चेहरा आधी दुसऱ्या अकाउंटवर येऊन गेलाय का. पहिल्याला एकास एक म्हणतात, तिसऱ्याला एकास अनेक, आणि या दोनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे कंपनीतल्या लोकांनाही कधीकधी समजावून सांगावं लागतं. जिवंतपणाच्या तपासात जुना धोका होता तो फोटो किंवा मास्क कॅमेऱ्यासमोर धरायचा. आताचा धोका म्हणजे कॅमेराच खोटा, व्हर्च्युअल कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लावून त्यातून डीपफेकचा व्हिडिओ सोडायचा. म्हणून सिस्टिम कॅमेऱ्याचं नाव, ड्रायव्हर, असलं काय काय तपासते. आता सांगा, तुम्ही लॅपटॉपवरून केलं का? त्यावर मीटिंगसाठी मागचं बॅकग्राउंड धूसर करणारं किंवा स्ट्रीमिंगचं काही टाकलंय का? मी स्वतः एकदा याच कारणानं फेल झालोय, याच धंद्यातला माणूस, स्वतःच बसवलेल्या सिस्टिमची टेस्ट करताना, आणि अर्धा तास लाइटला शिव्या देत होतो, शेवटी लक्षात आलं की ब्राउझर वेबकॅमऐवजी व्हर्च्युअल कॅमेरा उचलतोय. फोनवरून करा. फोनच्या कॅमेऱ्यावर सिस्टिमचा विश्वास जास्त असतो.

एकास अनेकवाल्या तपासात एक अन्याय आहे तो बोलायलाच पाहिजे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं डिसेंबर २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदम तपासले, त्यात एकास एक तुलनेत दिसलं की दोन वेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक काही वंशांच्या, देशांच्या लोकांत इतरांपेक्षा १० ते १०० पट जास्त होते, अर्थात सगळ्या अल्गोरिदममध्ये सारखी नाही, चांगल्यांमध्ये फरक बराच कमी. एकास अनेकमध्येही काही गटांत ही चूक जास्त दिसली. याचा इथे अर्थ काय, तर "तुमचं अकाउंट आधीच आहे" असं म्हणून कोणाला जास्त वेळा परत पाठवलं जाणार हे चेहऱ्यावर ठरू शकतं. माझ्या रांगेत एकदा दोन जुळ्या बहिणी आल्या होत्या, दोघींची कार्डं खरी, दोघींच्या सेल्फी खऱ्या, मशीन म्हणे एकच बाई दोनदा आलीय. दुसरीला तीन वेळा नाकारल्यावर ते माणसाकडे आलं. जन्मतारीख एकच, आडनाव एकच, मला दोन मिनिटांत कळलं, पण ते माणसाकडे यायला अकरा दिवस गेले होते. म्हणून तिसऱ्या प्रयत्नाआधी सपोर्टला लिहा आणि मोजक्या शब्दांत माणसाकडून तपासणी मागा. काही ठिकाणी ठराविक प्रयत्नांनंतर दार बंद होतं आणि मग माणूसही उघडू शकत नाही.

कारण का सांगत नाहीत हे विचारलंत, तर खरं सांगतो, आम्ही मुद्दाम सांगत नव्हतो. चेक डिजिट जुळला नाही असं सांगितलं की खोटं बनवणारा पुढच्या वेळी जुळवून आणतो, प्रत्येक कारण म्हणजे त्याला फुकटची शिकवणी. एआयनं तयार केलेली ओळखपत्रं थोड्या पैशात विकणाऱ्या ओन्लीफेक नावाच्या साइटची बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हापासून तर सगळेच अजून घट्ट झाले. पण फोटोवर चकाकी आहे, परत काढा, एवढं सांगितल्यानं कोणाचं काय बिघडतं? ते न सांगणं हा निव्वळ आळस आहे.

आता डेटा. लोक घाबरतात ते मुख्य डेटाबेस फुटेल म्हणून. मला भीती वाटते ती बाजूच्या दाराची. मुख्य रस्त्यावर सहसा सगळं बरं असतं, फोटो एनक्रिप्ट होतो, ठराविक दिवसांनी उडतो, ऑडिट होतं. घोळ होतो तो मशीननं नाकारलेल्या माणसाचा, जो मग सपोर्टला ईमेल करतो, आणि ईमेलला पासपोर्टचा फोटो जोडतो. डिस्कॉर्डचं ऑक्टोबर २०२५ चं प्रकरण अगदी असंच, सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत असं त्यांनीच सांगितलं, आणि ते फोटो होते वयाच्या निर्णयावर अपील केलेल्यांचे, बाहेरच्या कंपनीकडे असलेल्या ग्राहक सेवेच्या सिस्टिममधून गेले. ही ती मेख. शंका आली त्यांनाच विचारा ही रचना चांगली, पण मग शंकेच्या रांगेतल्यांचाच डेटा सगळ्यात ढिसाळ हातात जातो. मी ज्या एका कंपनीत सिस्टिम बसवायला गेलो होतो तिथे पॉलिसीत लिहिलं होतं ३० दिवसांत फोटो डिलीट, आणि होत पण होते, मी स्वतः तपासलं. मग सहज सपोर्टच्या तक्रारींची, म्हणजे तिकिटांची, सिस्टिम उघडली तर तिथे दोन वर्षांपूर्वीचे पासपोर्ट ॲटॅचमेंट म्हणून निवांत पडलेले, कोणीही इंटर्न उघडेल असे. कोणाची वाईट नियत नव्हती, त्या सिस्टिमची आठवणच कोणाला नव्हती.

म्हणून सपोर्टला लिहिताना ओळखपत्र ईमेलला जोडू नका, त्यांनी मागितलं तरी. म्हणा नवीन पडताळणी लिंक द्या, मी त्यातूनच देतो. लिंक सुद्धा ईमेलमधून उघडण्यापेक्षा स्वतः अकाउंटमध्ये लॉगिन करून सेटिंगमधून सुरू करा, कारण "तुमची पडताळणी बाकी आहे" असे खोटे ईमेल पाठवून पासपोर्ट गोळा करणं हा आता वेगळाच धंदा झालाय. पॉलिसीत फोटो कोण ठेवतो ते बघा, एआय कंपनी की मधली पडताळणी कंपनी, किती दिवस, आणि तो त्यांच्या स्वतःच्या मॉडेलला शिकवायला वापरणार का. तिसऱ्यावर नाही म्हणायची सोय असेल तर म्हणा. युरोपातल्या जीडीपीआरसारखा माहिती संरक्षणाचा कायदा तुम्हाला लागू असेल तर काम झाल्यावर काय ठेवलंय ते मागायचा आणि पुसायला सांगायचा हक्क आहे, तिकिटात जोडलेलं सुद्धा पुसा असं शब्दात लिहा. ओळख पटवण्यासाठी वापरलेला चेहऱ्याचा साचा, म्हणजे चेहऱ्याच्या मापांचे आकडे, तिथे विशेष वर्गातली माहिती धरतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलणार.

चिपवाला पासपोर्ट असेल आणि फोन टेकवून वाचायचा पर्याय दिला असेल तर मी तो घेतो. चिप उघडायची किल्ली पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपायची तारीख यांच्यापासून बनते, म्हणून आधी पान स्कॅन करायला लावतात, आणि आतल्या माहितीवर देशाची डिजिटल सही असते, त्यामुळे चकाकी, धूसर फोटो असली कटकट बरीच कमी होते. तोटा असा की आतला फोटो खूपच स्वच्छ असतो आणि तो त्यांच्याकडे जातो.

नुसत्या वयाच्या प्रश्नाला याहून चांगली उत्तरं तयार होतायत. युरोपियन कमिशननं जुलै २०२५ मध्ये वय पडताळणी ॲपचा नमुना काढला, डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्पेन इथे चाचणीला, ज्यात समोरच्याला फक्त १८ च्या वर आहे एवढंच कळतं, नाव नाही, जन्मतारीख नाही. असं करायचं एक गणित आहे त्याला झिरो नॉलेज म्हणतात, पत्ते न दाखवता डाव जिंकल्याचं सिद्ध करायचं असं समजा. पण तुमच्या एपीआयच्या प्रश्नाला ते अजून पुरत नाही, कारण तिथे हाच माणूस परत आला का हे पाहिजे. गणितानं ते पण होतं, नाव न सांगता प्रत्येक सेवेसाठी एकच कायमचा शिक्का देता येतो, पण कंपन्या वापरत नाहीयेत, कारण पाचवा प्रश्न, कोणाला धरायचं, तो मग सुटत नाही.

आणि ओळखपत्र द्यायचंच नसेल तर सरळ सांगतो, देऊ नका, जग थांबत नाही. तुमच्या टूलला खरंच तेच मॉडेल लागतंय का हे आधी बघा. ज्यांचे वेट्स, म्हणजे मॉडेल शिकून जे आकडे बनतात ते, खुले आहेत अशी मॉडेल, क्वेन, लामा, डीपसीक, ओपनएआयचीच ऑगस्ट २०२५ मधली जीपीटी ओएसएस, ती डाउनलोड करून स्वतःच्या मशीनवर चालवता येतात, लायसन्सची अट एकदा वाचून घ्या. तिथे कोणी कार्ड विचारत नाही. म्हणूनच मला कधीकधी वाटतं की या सगळ्या पडताळणीनं वाईट माणूस थांबतो कमी, त्याला खर्च आणि उशीर होतो एवढंच. तो खर्च वाढवणं हेच काम आहे म्हणा, पण कंपन्या बोलताना सुरक्षेच्या नावानं जेवढं बोलतात तेवढं ते नाही.

विकत मिळणाऱ्या अकाउंटचं राहिलं. ते ज्याच्या पासपोर्टवर व्हेरिफाय झालंय त्याला तुम्ही ओळखता का? ओळखीतला माणूस फक्त मधला आहे, तो पासपोर्ट बहुतेक कोणाच्या तरी फुटलेल्या फोटोतला, नाहीतर थोडे पैसे देऊन कोणाकडून तरी सेल्फी काढून घेतलेला. मूळ मालकाचा ईमेल रिकव्हरीला लावलेला असतो, म्हणजे तुमचं टूल, तुमच्या ग्राहकांचा डेटा, तुमची एपीआयची गुप्त किल्ली, सगळं तो कधीही परत घेऊ शकतो. आणि एकाच पासपोर्टवर, एकाच टोळीनं काढलेली अकाउंट एकमेकांना चिकटलेली दिसतात, आम्हाला तर ती जाळ्यासारखीच दिसायची, एक पकडलं की बाकीची पण जातात. त्यावेळी तुमचं पैसे भरायचं कार्ड, तुमचा आयपी ॲड्रेस त्याच जाळ्यात नोंदलेला असेल, आणि मग तुमच्या स्वतःच्या खऱ्या नावानं व्हेरिफाय करायला गेलात तर नाकारायला त्यांच्याकडे खरंच कारण असेल.

तर आज काय करा, अकाउंटवरचं नाव पासपोर्टसारखं करा, कंपनी ओपनएआय असेल तर गेल्या ९० दिवसांत तुम्ही दुसरी एखादी ऑर्गनायझेशन याच पासपोर्टवर व्हेरिफाय केली होती का ते आठवा, जुन्या नोकरीतली सुद्धा धरा, कारण तसं असेल तर लाइट कितीही चांगला लावा, होणार नाही, वाट बघावी लागेल. नसेल केली तर सपोर्टला दोन ओळी टाकून ठेवा आणि उत्तर आलं की दुपारच्या उजेडात फोनवरून तिसरा प्रयत्न करा. तरी नाही झालं तर नेमका कुठल्या पायरीला अडकलं ते लिहा, कार्ड स्कॅन झाल्यावर की सेल्फीनंतर, दोन्हीची औषधं वेगळी आहेत.